वीस लिटरचं पातेलं

आकाराम डुबल नोकरीतून घरी येऊन तीन वर्षं झाली, पण त्याच्या अंगातली पाळी काही सुटली नव्हती. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची, असं एकोणतीस वर्षं चाललं होतं. आता साताऱ्यात, गोडोलीतल्या दोन खोल्यांच्या घरात, त्याला उठवायला भोंगा नव्हता आणि कुठं वेळेवर पोचायचंही नव्हतं. तरी झोप धड लागत नसे आणि जागही धड येत नसे. सकाळी अकराच्या सुमाराला तो दारातल्या खुर्चीत बसला की मान छातीवर उतरायची.

"झोपायचं तर आत जाऊन आडवं व्हा की," बायको म्हणायची. तिचं नाव अंबू. "असं बसून का डुलताय?"

"झोपलो न्हाई. नुसतं डोळं मिटलंत."

नोकरी होती दुसऱ्या जिल्ह्यात, एका बिअरच्या कारखान्यात. तिथं चारजणांत एक खोली घेऊन तो राहायचा आणि महिन्यातून दोनदा साताऱ्याला यायचा. गावाकडं भावकीत त्यानं सांगून ठेवलं होतं की थंड पेयाच्या कंपनीत आहे. ते अगदीच खोटं नव्हतं, ती थंडच प्यायची असते. स्वतः तो चवीपुरता घोट घेई, त्यापलीकडं नाही. धान्य शिजवायच्या विभागात, अधेमधे आंबवायच्या टाक्यांवर, त्याचा जन्म गेला. सातू म्हणजे जव, त्याला मोड आणून वाळवलं की त्याचा माल्ट होतो. तो भरडायचा, बेतशीर गरम पाण्यात मुरवायचा, त्यातली गोडी पाण्यात उतरवून घ्यायची. पुढं ते गोड पाणी उकळायचं, निववायचं, यीस्ट घालून टाक्यांत आंबवायचं. सांगायला चार वाक्यं, करायला एकोणतीस वर्षं.

त्या दिवशी अकरालाच क्रांतीचा फोन आला. क्रांती त्याची एकुलती एक लेक, तेहतिशीची. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला गेली होती. तिथल्या एका लहान गावात दूध पावडरीच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत काम करायची आणि तिचा नवरा विश्वजित दुधाचा टँकर चालवायचा. इकडं अकरा वाजायचे तेव्हा तिकडं संध्याकाळ झालेली असायची. एरवी ती आईशी बोलायची आणि शेवटी "आण्णा बरे आहेत ना?" एवढं विचारायची. आज ती म्हणाली, "आई, आण्णांना फोन दे."

आकारामनं फोन हातात धरला.

"आण्णा, मला घरी बिअर बनवायचीय."

अंबू तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. "काय म्हणाली?"

"बिअर, आई. इकडं घरच्यापुरती केली तर चालते. माझ्या लॅबमधल्या दोघीजणी करतात."

"हितं केली तर धरून नेत्यात," आकाराम म्हणाला. "ईकत घे, पी नि गप बस. घरात कशाला घाण?"

"ऐका तरी. डब्यातला तयार पाक मिळतो, त्यात पाणी आणि यीस्ट घातलं की झालं. मला तसं नाही करायचं. धान्यापासून करायचीय, तुम्ही करायचा तशी. पहिल्यांदा सामान काय घेऊ, तेवढंच सांगा."

"मी काय करत हुतो? बटनं दाबत हुतो," असं म्हणून त्यानं फोन अंबूच्या मांडीवर ठेवला.

दुपारी तिनं तीन फोटो पाठवले. पहिल्यात एक चकचकीत विजेचं यंत्र होतं. एकाच उभ्या डब्यात सगळं, खाली पंप, समोर आकडे. दुसऱ्यात लोखंडी मांडणीवर तीन मोठी पिंपं आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या नळ्या. तिसऱ्यात नुसतं एक पातेलं आणि पातेल्यात जाळीची पिशवी. आकारामनं फोन बाजूला ठेवला. थोड्या वेळानं चष्मा शोधला आणि फोन पुन्हा घेतला. यंत्राचा फोटो मोठा करून तो बराच वेळ बघत राहिला.

"ह्या नळीचं वाकण बघ," तो पुटपुटला. "हितं मळ धरणार. धुणार कोण, ह्यांचा बा?"

"कुणाशी बोलताय?" अंबूनं आतून विचारलं.

"कुणाशी न्हाई."

दोन दिवसांनी क्रांतीचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज दमलेला होता. विश्वजितची आठवडाभर रात्रपाळी होती आणि ती घरी एकटीच होती.

"आण्णा, रागावलात का?"

"रागवायचं काय त्यात."

"मग सांगत का नाही? शाळेत मी सांगायची, आण्णा सरबताच्या कंपनीत आहेत. पोरी म्हणायच्या, मग आम्हाला सरबत आण. तुम्ही घरी आलात की तुमच्या शर्टाला भाजक्या पिठासारखा वास यायचा. मला विचारावंसं वाटायचं, पण तुम्ही झोपलेले असायचा. आई म्हणायची, आवाज करू नको. तुम्ही तिथं नक्की काय करत होता ते मला कधी कळलंच नाही."

बाहेरून भंगारवाल्याची हाक आली आणि विरून गेली. आकारामनं खुर्ची भिंतीकडं ओढली.

"ते मशीन घिऊ नको," तो म्हणाला.

"का?"

"ते बेस करतंय सगळं. पर काय करतंय ते तुला दिसणार न्हाई. शिकायचं आसंल तर डोळ्यानं बघायला पायजे, हाताला लागाय पायजे. आनि त्यो पंप. पंप म्हंजे नळ्या, नळ्या म्हंजे धुणं. बिअरचं निम्मं काम धुणंच आसतंय बाई. कुणी सांगत न्हाई ते."

"आणि ती तीन पिंपं?"

"ती ठिवणार कुठं? घर भाड्याचं हाय न्हवं? मांडायला एक तास, काढायला एक तास, नि तू दिसभर उभी. दोनदा करशील नि कट्टाळशील. तिसरं बरं हाय. पातेलं नि पिशवी."

क्रांती लिहून घेत होती. पातेलं किती मोठं, असं तिनं विचारलं. दुकानदार म्हणत होता पस्तीस लिटरचं घ्या, एका वेळी वीस लिटर बिअर निघते.

"दुकानदाराला काय, त्येची पाठ मोडनार हाय व्हय? वीस लिटर उकळतं पानी, वर भिजल्यालं धान्य. ती पिशवी वर कोन उचलणार? इश्वजित कामाव, तू एकली. अंगावर आलं तर कातडं जाईल. वीस लिटरचं पातेलं घे नि त्यात धाच लिटर कर. बूड जाड बघ. पातळ बुडाचं घेशील तर पिशवी करपंल. आनि कान भक्कम पायजेत, रिबिटवर भरवसा नको, वेल्डिंग बघ."

"धान्य भरडायला जातं घेऊ का?"

"नगं. दुकानात भरडून देत्यात का इचार. आदी चार-पाच डाव करून बघ, मग जातं." बोलता बोलता तो खुर्चीच्या कडेला सरकून बसला होता. "लांब दांड्याचं थर्मामीटर घे, चांगलं घे, तिथं हात आखडू नको. सगळा खेळ दोन-चार डिग्रीचा हाय. वजनकाटा घरात आसंलच. नि ते तरंगणारं काचेचं आसतंय, गोडी मोजायचं."

"हायड्रोमीटर."

"व्हय. दुधाला लॅक्टोमीटर लावत्यात तसंच. ते तर तुजंच काम."

ती हसली. आकारामलाही बरं वाटलं. अंबू दाराच्या चौकटीला टेकून ऐकत उभी होती. नवऱ्यानं इतकं सलग बोललेलं तिनं कधी ऐकलं होतं, तिला आठवेना.

"आणि आंबवायला झाकणाची बादली घेते," क्रांती म्हणाली. "झाकण अगदी घट्ट बसणारी. पलंगाखाली ठेवीन म्हणते. इथं थंडी फार आहे, झोपायच्या खोलीतच हीटर असतो."

आकाराम खुर्चीतून उठून उभा राहिला.

"आण्णा?"

"डोळं दुखत्यात. ठिवतो," असं म्हणून त्यानं फोन बंद केला. मग तो आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला. संध्याकाळपर्यंत उठला नाही, आणि झोपलाही नाही.

पुढचे आठ दिवस तो बादलीबद्दल काही बोलेना. क्रांतीनं दोनदा विचारलं, त्यानं दोन्ही वेळा पिशवीवर गोष्ट नेली. पिशवी इथंच शिवून पाठवतो म्हणाला. तिकडं दुकानात मिळते, असं तिनं सांगितलं, तरी ऐकेना. साताऱ्याच्या बाजारात जाऊन पडद्याच्या कापडाची बारीक जाळी त्यानं दोन मीटर आणली. पाण्यात उकळून पाहिली, रंग सुटत नाही याची खात्री केली. पण कोपऱ्यावरच्या शिंप्यानं ती चिमटीत धरून परत दिली. "हे कापड सुईखाली सरकतंय काका, मला नाही जमायचं."

अंबू सहज म्हणाली, "आष्ट्याला रहिमतबीकडं न्या की. तिचा हात लय चांगला. तसंबी किती वर्सं गेला न्हाई तुमी तिच्याकडं."

रहिमतबी म्हणजे महंमद मुल्लाची बायको. महंमद आष्ट्याचा. कारखान्यात आकारामच्याच खोलीत राहायचा, त्याच्याच पाळीला असायचा. दारूला शिवायचा नाही, चवीचा घोटसुद्धा आकारामला घ्यायला लावायचा आणि स्वतः वासावरून सांगायचा, 'आक्या, ह्या टाकीचं बरं हाय.' बारा वर्षांपूर्वी तो कारखान्यात टाकीतच गेला. मातीला आकाराम गेला होता. पुढं दोन वर्षं ईदेला फोन केला. मग तोही सुटला.

अंबूला एवढंच ठाऊक होतं. आकारामनं जाळीची घडी पिशवीत घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीची एसटी धरली.

रस्त्याचं काम चालू होतं. गाडी कधी सेवारस्त्यावर उतरायची, कधी वर चढायची, आणि खिडकीतून धुरळा आत यायचा. कराडला अर्धी गाडी उतरली आणि तेवढीच चढली. पेठ नाक्यापर्यंत आकारामनं तीनदा ठरवलं की इथंच उतरावं आणि परतीची गाडी बघावी. पण उतरायलाही अंगात उभारी लागते. तो बसून राहिला आणि गाडीनं त्याला आष्ट्यात आणून सोडलं.

रहिमतबी बाहेरच्या खोलीत मशीनवर परकर शिवत होती. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. तिनं त्याला लगेच ओळखलं.

"आकारामभाऊ! या, या. वैनी न्हाई आणल्या?"

तिनं पाणी दिलं आणि चहा ठेवला. लेक अर्फा मिरजेला दवाखान्यात नर्स आहे, रोज जाऊन येऊन करते, असं सांगितलं. मग तिनं जाळी हातात घेतली, उजेडाकडं धरली, बोटांनी ताणली.

"दुहेरी शिलाई लागंल. बुडाला पट्टी लावाय पायजे. कशाला हाय?"

खोटं सांगता आलं असतं. पनीर गाळायला, चक्का बांधायला, काहीही. आकाराम म्हणाला, "क्रांती तिकडं घरात बिअर करनार हाय, भाभी. त्यात धान्य ठिवायला."

रहिमतबीनं जाळीची घडी घातली आणि मशीनच्या फळीवर ठेवली.

"मग न्हाई जमायचं, भाऊ. राग मानू नका. हे करत हुते ते पोटासाठी, ते त्येंचं नि अल्लाचं. माज्या सुईनं मी ते करनार न्हाई. पोरीला वाईट म्हणत न्हाई मी."

"बराबर हाय तुमचं," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं झालं. आता उठायचं आणि जायचं. त्यानं गुडघ्यावर हात ठेवला, पण उठला नाही.

"भाभी, त्या दिवशी मी झोपलो हुतो."

"कवा?"

"महंमद टाकीत हुता तवा."

रहिमतबीचा पाय मशीनच्या पॅडलवर होता, तो तसाच राहिला.

आकाराम सांगत गेला. तिच्याकडं बघून नव्हे, समोरच्या परकरांच्या ढिगाकडं बघून. बिअर आंबताना वायू सुटतो. टाकी रिकामी केली तरी तो तळाशी बसून राहतो, दिसत नाही. म्हणून आत माणूस घालायच्या आधी सहा तास हवा मारायची, मीटर लावून बघायचं, आणि आतल्या माणसाची दोरी धरून बाहेर एकानं बसायचं, हा नियम होता. त्या दिवशी मीटर दुरुस्तीला गेलं होतं. हवा चारच तास मारली होती. टाकी आतून धुणारी पाण्याची फिरकी अडकली होती आणि वरून घाई होती. आकारामच्या बदलीचा माणूस आला नव्हता, म्हणून त्याची सलग दुसरी पाळी चालू होती. महंमद म्हणाला, मी जातो आत, तू बस. तो आतून ब्रशच्या दांड्यानं पत्र्यावर टकटक करायचा, म्हणजे ठीक आहे. आकाराम टाकीच्या तोंडाशी उपड्या क्रेटवर बसला होता, दोरी मनगटाला गुंडाळून.

"टकटक ऐकत हुतो. नि डोळं मिटलं. किती येळ, म्हाईत न्हाई. पाच मिनटं, धा मिनटं. जाग आली तवा टकटक नव्हती. दोरी वढली, जड लागली. वरडलो, मान्सं आली, मास्क लावून दोगं आत गेलं. चौकशीत मी सांगितलं, मी सारका हाका मारत हुतो, एकदम आवाज बंद झाला. समद्यांनी तेच लिवलं."

स्वयंपाकघरात चहा उतू गेला. रहिमतबी उठली, गॅस बंद करून आली आणि पुन्हा बसली.

"त्येंनी हाक मारली असंल का?"

"म्हाईत न्हाई, भाभी."

"बारा वर्सं मी अर्फाला सांगत आले," ती सावकाश म्हणाली, "आकारामकाका भाईर बसले हुते, त्येंनी अब्बाला लय हाका मारल्या. शेवटला आवाज वळखीचा हुता कानात, असं मी तिला सांगितलं."

आकारामनं मान खाली घातली. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती चालू होईना.

रहिमतबी आत गेली आणि उरलेला चहा कपात घालून घेऊन आली. "घ्या. नि मग जावा, भाऊ. मला राग आलाय. किती आलाय ते मलाच आजून कळंना."

त्यानं चहा प्यायला. गोड होता की नव्हता, त्याला कळलं नाही. ती दारापर्यंत आली. जाळी तिनं त्याच्या पिशवीत घातली.

"दोन पाळ्या कुणी लावल्या हुत्या?"

"शिफ्टच्या सायबानं. पर मीच व्हय म्हणालो."

"हं," ती म्हणाली. "पोरीला सांगा हे. असलं काय करायचं तर बंद खोलीत नको म्हणावं."

घरी पोचायला संध्याकाळ झाली. अंबूनं विचारलं, शिवली का? आकारामनं चपला काढल्या आणि तिथंच पायरीवर बसून तिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली होती. सांगून झाल्यावर ती एकदम चिडली.

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलं न्हाईस."

"मी काय इचारणार? मला काय सपान पडनार व्हतं?" तिनं भाकरी इतक्या जोरात तव्यावर टाकली की पाण्याचा हात चुकला आणि भाकरी चिरली. रात्रभर ती त्याच्याशी बोलली नाही. सकाळी मात्र अकराला तिनंच फोन लावला आणि त्याच्या हातात देऊन शेजारी बसली.

आकारामनं लेकीला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. शेवटी क्रांती म्हणाली, "मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तुम्ही महिनाभर घरी राहिला होता. मला वाटलं, माझ्या परीक्षेसाठी सुट्टी काढून आलात. मी मैत्रिणींना सांगितलं होतं."

"न्हाई बाई. त्येच्यापायी आलो हुतो."

"बरं झालं आत्ता सांगितलं," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. अंबूनं फोन घेतला.

बादलीचं त्या दिवशीच ठरलं. आकारामनं एक-एक गोष्ट सांगितली. बादली अन्नाच्या प्लास्टिकचीच घ्यायची, आतून ओरखडा नको, कारण ओरखड्यात जंतू बसतात. झाकण बसावं, पण त्याला भोक असावं आणि भोकात पाण्याचं बूच. वायू बुडबुड करत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. झोपायच्या खोलीत ठेवायची नाही. गाडीच्या शेडमध्ये ठेव, जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळ, खिडकी बोटभर उघडी ठेव.

"आण्णा, दहा लिटरनं काही होत नाही. मी वाचलंय."

"मला म्हाईत हाय व्हत न्हाई. तरी शेडमधी."

"बरं."

"नि बाटल्या भरायची घाई न्हाई. तुजं ते काचंचं लाव. तीन दिस येकच आकडा आला तर भर. आकडा उतरत आसंल तर आत काम चालू हाय. मग बाटली फुटती नि काच डोळ्यात जाती."

गार करायला तांब्याच्या नळीची गुंडाळी घ्यायची का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, दहा लिटरला कशाला? न्हाणीत टब असेल, त्यात बर्फ टाक आणि पातेलं बसव. त्यापेक्षा जंतुनाशक चांगलं घे. पिशवी तिनं तिकडंच विकत घेतली. इथली जाळी अंबूनं मागच्या खिडकीला डासांसाठी ठोकली.

पुढच्या शनिवारी क्रांतीनं पहिला घाट घातला. तिकडं दुपारचे दोन वाजले होते, इकडं साडेसात. आकाराम स्वेटर घालून, चहा घेऊन, फोन कपाटाला टेकवून बसला होता. क्रांतीनं तिकडचा फोन ओट्यावर असा ठेवला होता की त्याला पातेलं, तिचे हात आणि खिडकीबाहेरचं ओलं हिरवं कुरण दिसत होतं.

"पानी किती तापलं?"

"बहात्तर."

"मग घाल पिशवी. धान्य भसाभसा वतू नको, गुठळ्या व्हत्यात. सावकाश. आता हलव. किती?"

"सदुसष्ट."

"बास. गॅस बंद. पातेल्याला गुंडाळ कायतरी."

तिनं विश्वजितचा जाडजूड कोट पातेल्याला गुंडाळला आणि बाह्यांची गाठ मारली. अंबूला हसू फुटलं. "जावायाला बांधून घातलं की गं!"

तासाभरानं आकारामनं तिला बशीत चमचाभर पाणी काढून त्यावर आयोडीनचा थेंब टाकायला सांगितलं. थेंब निळाकाळा झाला.

"स्टार्च राहिलाय," तीच म्हणाली.

"आजून पंधरा मिनटं."

तोवर ती ओट्याला टेकून उभी राहिली. बारा तासांची पाळी करून काल रात्री आली होती, डोळ्यांखाली काळं दिसत होतं. आकारामनं ते पाहिलं. "बस की जरा," तो म्हणाला. "खुर्ची घे. मी बघतो हितनं." ती बसली. दोघंही कोटात गुंडाळलेल्या पातेल्याकडं बघत राहिले. दुसऱ्या वेळी थेंब तपकिरीच राहिला.

तिनं पिशवी वर घेतली, पातेल्यावर लोखंडी जाळी आडवी टाकून तिच्यावर निथळत ठेवली. मग बोट बुडवून चाखलं. "आई, गव्हाच्या खिरीसारखं लागतंय, गूळ कमी घातलेल्या." उकळी आल्यावर तिनं हॉप्स टाकले, ती कडू हिरवी फुलं, आणि फेस भराभर वर आला.

"गॅस बारीक कर! बारीक कर!" आकाराम इतका ओरडला की शेजारच्या मनुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तिकडं फेस पातेल्याच्या काठावरून उतरून शेगडीभर झाला होता.

"सांडलं, आण्णा."

"सांडतंयच. पुस."

निववून, यीस्ट घालून, बादली शेडमध्ये नेऊन ठेवेपर्यंत इकडं साडेअकरा वाजले. आकारामनं त्या दिवशी दुपारी नेहमीसारखी मान टाकली नाही, पण ताजातवानाही झाला नाही. पाठ दुखत होती, जणू पाळी करून आला होता.

बाराव्या दिवशी तिला बाटल्या भरायच्या होत्या. आकडा एका घरानं हलत होता. त्यानं तिला अजून थांबायला लावलं. पंधराव्या दिवशी आकडा तिसऱ्यांदा तोच आला, तेव्हा भरल्या. एकही फुटली नाही.

मधे ईद आली. आकारामनं आष्ट्याला फोन केला. रहिमतबीनं उचलला. तब्येत, पाऊस, अर्फाची बदली, एवढं बोलणं झालं. या म्हणाली नाही, येऊ नका असंही म्हणाली नाही. ठेवताना म्हणाली, "अर्फाला मी आजून सांगितलं न्हाई. बघते कसं सांगायचं ते." आकाराम म्हणाला, "मी यिऊन सांगू का?" ती म्हणाली, "कळवते." अजून तिचा फोन आलेला नाही.

पुढच्या आठवड्यात क्रांतीनं पहिली बाटली उघडली. विश्वजित सुट्टीवर होता, त्यानं ग्लास तोंडाला लावला, विचार केला आणि म्हणाला, "मामा, पाणचट आहे थोडी. पण बिअर आहे."

"शेवटाला तुरट लागतीय का?" आकारामनं विचारलं.

"हो, लागते."

"क्रांती, निथळताना पिशवीवर वरनं उकळतं पानी वतलंस?"

"थोडंसं."

"ते नको. कोमट वत. पुढल्या डावाला धान्य पाव किलो वाढव नि तेवढं पानी कमी कर." त्यानं चष्मा सारखा केला. "रंग कसा आलाय? ग्लास उजेडाकडं धर बघू. आसा न्हाई, खिडकीकडं."

क्रांतीनं ग्लास खिडकीकडं धरला.